मुतलकचा पाहुणा

पलटणीतून पेन्शनीत निघालो तेव्हा ठरवलं होतं, आता वाळूचं तोंड पाहायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात आमची पलटण इराकात होती आणि तिथली धूळ मी पोटभर खाल्ली होती. पण दाभोळच्या खाडीकाठी आमच्या गावात तेव्हा ज्याला त्याला कुवेतचे वेध लागलेले. कुणी दुकानात, कुणी बंदरावर, कुणी साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. मी माजी हवालदार, म्हणून मला एका तेल कंपनीने पहाऱ्यावर घेतलं. पहिली काही वर्षं कुवेत शहराजवळ हवल्लीत गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहून शहरातल्या गोदामांवर ड्यूटी केली. साठ साल उलटल्यावर बदलीचा हुकूम आला. चार नंबरची चौकी, वाळवंटात, कमांडर म्हणून.

चौकी म्हणजे एक पत्र्याची बराक, वायरलेसची खोली, जनरेटर, भोंगा आणि भोवती तारेचं कुंपण. आत तेल गोळा करायच्या टाक्या आणि पंप. हाताखाली बारा गार्ड, त्यातले बरेच बदू, म्हणजे तंबूत राहून उंट-मेंढ्या राखणारे अरब. वर, मुख्य ठाण्यावर, आमचा सिक्युरिटी ऑफिसर. तोही माजी फौजी, इंग्रज, सगळे त्याला मेजरसाहेब म्हणत. त्याचा आणि माझा दिवसातून दोनदा वायरलेसवर संबंध यायचा, आणि तेवढा मला पुरत असे.

सकाळी सहाला हजेरी. मी बराकीसमोर उभा राहायचो, कपडे इस्त्रीचे, बूट चकचकीत. समोर माझी ही पलटण. एकाच्या पायात चपला, दुसऱ्याच्या डोक्यावर कंपनीच्या टोपीवरून स्वतःचा रुमाल, तिसरा रांगेत उभा राहून शेजाऱ्याशी उंटिणीच्या दुधाबद्दल बोलतोय. मी ओरडायचो. ते हसायचे. उर्मटपणे नव्हे, प्रेमाने हसायचे, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरायचं.

या सगळ्यांत वरताण मुतलक. पन्नाशी गाठलेला, काटकुळा, दाढी मेंदीने लाल केलेली. कामाला चोख होता, खोटं कसं बोलू. त्याच्या पाळीत तारेजवळ कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. पण फाटकावरचा एक साधा नियम त्याने मला कधी पाळून दाखवला नाही. नियम असा : येणाऱ्याला थांबवा, नाव विचारा, कुठून आला विचारा, काम विचारा. मुतलक माणूस आला की आधी त्याला सावलीत बसवायचा आणि पाणी द्यायचा. मग फाटकाबाहेर त्याची पितळी किटली असायची, तिच्यातला कडू गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, इवल्याशा कपात ओतायचा. नाव विचारायचं नावच नाही.

एकदा मी त्याला बाजूला घेतलं. माझी अरबी बाजारातली, त्याची हिंदी साहेबांच्या खानसाम्यांकडून उचललेली, पण आमचं भागायचं.

"तू नाव का विचारत नाहीस?"

"पाहुण्याला विचारत नाहीत. तीन दिवस तर नाहीच. त्याला वाटलं तर तो सांगेल."

"हे फाटक आहे. तुझा तंबू नव्हे."

"माणूस तहानलेला आहे, हवलदार. फाटक काय आणि तंबू काय."

"आणि तो चोर निघाला तर?"

त्याने थोडा विचार केला. "नाव कळलं की वैर आठवतं. हा अमक्या टोळीचा, याच्या चुलत्याने माझ्या मामाला मारलं होतं. मग पाणी द्यायचं कसं? म्हणून आधी पाणी. वैर पाणी प्यायल्यावर आठवू दे."

बोलणं मला पटलं होतं, हीच पंचाईत. पण पटून काय उपयोग? मेजरसाहेबाला मी वायरलेसवर हे सांगणार होतो का? मी मुतलकला दोन दिवस फाटकावरून काढून मागच्या तारेवर लावलं. तिसऱ्या दिवशी मागच्या तारेबाहेर दोन मेंढपाळ बसून गहवा पीत होते.

त्याचा तंबू आधी चौकीला लागूनच होता. बकरीच्या केसांचा काळा तंबू, एक बाजू सगळी उघडी. पण टाक्यांजवळ उघडा विस्तव चालत नाही, गॅस असतो. मी सांगितलं, चूल विझव, तंबूत स्टोव्हसुद्धा नको, बराकीतून जेवण घे. मुतलक म्हणाला, "घरात विस्तव नाही तर ते घर कसलं? येणाऱ्याला कळणार कसं की इथे माणूस आहे?" त्याच दुपारी त्याने आणि त्याच्या बायकोने तंबू उतरवला, सगळा संसार एका उंटावर चढवला आणि वायव्येला टेकाडापलीकडे नेऊन पुन्हा उभा केला. चहा संपायच्या आत घर इथून तिथे. मला तर आमच्या गावच्या घराचं एक कौल बदलायचं तरी सुतार, गवंडी आणि भाऊबंद सगळ्यांची मर्जी राखावी लागते.

त्याचा पुतण्या हवल्लीजवळ सिमेंटच्या घरात राहायला गेला होता. मुतलक एकदा तिथे राहून आला आणि आठवडाभर कुरकुरत होता. "दार लावून घेतात रे," तो मला म्हणाला. "दार लावल्यावर पाहुणा येणार कसा? ठोठावणार? म्हणजे त्याने मागायचं?" मी म्हणालो, आमच्याकडेही दारं असतात. तो माझ्याकडे फार सहानुभूतीने बघत राहिला.

आणि तो खलबत्ता. गहव्याच्या बिया भाजून पितळी खलबत्त्यात कुटायच्या, आणि त्याही जोरात, ठेक्यात, बत्त्याने कडेवर टण्ण टण्ण वाजवत. हे बाप्यांचं काम, बायका गहवा कुटत नाहीत. हा आवाज म्हणजे आमंत्रण. ज्याच्या कानावर पडला त्याने यावं. जो हळू कुटतो तो चिक्कू. मुतलक चिक्कू नव्हता. माझी दुपारची पाळी सुटून पाठ टेकावी की टेकाडापलीकडून टण्ण टण्ण सुरू. मी उशी कानावर घ्यायचो.

एक सांगायला हवं. मी मुसलमान, तोही मुसलमान. नमाजाला एका चटईवर उभे राहायचो. मी बादलीभर पाण्याने वजू करायचो, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायचो, तो पाणी वाचवून स्वच्छ वाळूवर हात फिरवायचा. कुवेतला येताना मला वाटलं होतं, अरबांत आपल्याला परकं वाटणार नाही. नमाजाच्या बाहेर मला त्याच्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि त्याचा मला राग यायचा.

शुऐब्याला तेव्हा नव्या बंदराचं आणि कारखान्यांचं काम निघालं होतं. आमच्याकडून तिकडे पाइपलाइन टाकायची म्हणून मोजणी चालू होती. मोजणीवाला डिसूझा, गोव्याचा, तरुण. त्याच्या जीपवर ड्रायव्हर याकूब. याकूब आमच्या शेजारच्या गावचा. त्याच्या आईने माझ्या हातावर हात ठेवून, हसनभाय, पोराला सांभाळा, असं सांगून त्याला माझ्याबरोबर बोटीत बसवलं होतं. नोकरीही मीच लावून दिली होती. त्यामुळे याकूब जीप घेऊन बाहेर गेला की तो परत येईपर्यंत माझा एक डोळा फाटकावर असे.

जूनचा महिना. त्या दिवशी दोघं सकाळी चौकीच्या दक्षिणेला गेले. दुपारी बाराच्या सुमारास वायव्येचं आकाश तपकिरी झालं. गार्ड ओरडले, "तोझ!" म्हणजे धुळीचं वादळ. पाहता पाहता बराकीच्या दारातून समोरचा झेंड्याचा खांब दिसेना. मी भोंगा सुरू करायला सांगितलं. भोंगा थोडा वेळ वाजला आणि घरघरून गप्प झाला. जनरेटरमध्ये धूळ गेली होती. वायरलेस बॅटरीवर चालत होता, तेवढं नशीब. मी मुख्य ठाणं लावलं.

"कंट्रोल, दिस इज पोस्ट फोर. मोजणीची जीप बाहेर आहे. दोन माणसं. ओव्हर."

"पोस्ट फोर, कंट्रोल. जीप थांबेल. स्टँडिंग ऑर्डर आहे, गाडी सोडायची नाही. तुमचं कुणी हलायचं नाही. ओव्हर."

हुकूम बरोबर होता. अशा धुळीत शोधायला जाणारे स्वतःच हरवतात. मी पलटणीत असतो तर मीही हाच हुकूम दिला असता. पण तिथे याकूब नसता.

वारा जरा पडला की टेकाडापलीकडून खलबत्ता ऐकू यायचा. मुतलकची पाळी सकाळीच संपली होती. असल्या वादळात तंबूच्या दोऱ्या धरून बसायचं सोडून हा गहवा कुटत होता. मी चिडून म्हणालो, याला आज कोण पाहुणा येणार आहे?

तीनच्या सुमारास धुळीतून दोघं तारेला धरून चाचपडत फाटकावर आले. पुढे मुतलक, मागे त्याच्या झग्याचं टोक धरलेला डिसूझा. डिसूझाच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या होत्या. मी त्याला आत घेतलं.

"याकूब कुठाय?"

डिसूझाने सांगितलं ते असं. जीपचा रेडिएटर फुटला. दोघं गाडीतच बसले होते. मग त्यांना वाऱ्यावरून खलबत्त्याचा आवाज आला, आणि वाटलं, माणसं जवळच आहेत. आवाजाच्या रोखाने निघाले. थोडं अंतर गेल्यावर डिसूझाला आठवलं की दुर्बिणीचं मोजणीयंत्र गाडीतच राहिलं. याकूब म्हणाला, तुम्ही चला, मी घेऊन आलो. तो वळला आणि दिसेनासा झाला. डिसूझा आवाज धरून मुतलकच्या तंबूत पोचला. मुतलकने त्याला पाणी दिलं, काही विचारलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर डिसूझाने सांगितलं की सोबती मागे राहिलाय.

मुतलक फाटकातच उभा होता. खांद्याला बकऱ्याच्या कातड्याची मशक, पाण्याने गच्च भरलेली.

"मी जातो," तो म्हणाला.

"थांब. हुकूम विचारतो."

विचारला. मेजरसाहेब म्हणाले, "नोबडी मूव्हज. आय से अगेन, नोबडी. ओव्हर."

"ऐकलंस?" मी मुतलकला म्हणालो.

"हुकूम तुला आहे. मी आता ड्यूटीवर नाही."

"याकूब तुझा पाहुणा नाही. पाहुणा हा डिसूझा. तो पोचला. संपलं."

"दोघं एकत्र निघाले होते. माझा खलबत्ता ऐकून निघाले होते. एक पोचला आणि एक वाटेत, तर माझ्या घरी कुणीच पोचलं नाही."

"मुतलक, वादळ उतरू दे. मी स्वतः गाडी घेऊन येतो."

"तू ये. मी पुढे होतो." आणि माझ्याकडे बघून तो थोडा हसला, हजेरीला हसायचा तसाच. "तू नावं विचारायला लागशील, हवलदार. उशीर होईल."

त्याला अडवायला माझ्याकडे अकरा माणसं होती. त्यातला एकही पुढे झाला नसता. मला त्याचा भयंकर राग आला. आणि राग येत असतानाच, तो याकूबसाठी निघालाय म्हणून बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

तो गेला आणि थोड्या वेळाने खलबत्ता पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, परत आला की काय. एक गार्ड म्हणाला, "नाही. हात बाईचा आहे. ठेका चुकतोय." मुतलकची बायको उम्म सालिम कुटत होती. जे काम त्यांच्यात बाई कधी करत नाही ते ती नवऱ्याला घर सापडावं म्हणून करत होती. अंधार पडला तरी आवाज येत होता.

पहाटे वारा पडला. आकाश स्वच्छ, जणू काही झालंच नाही. मी जीप तयार ठेवून कंट्रोलला विचारलं. उत्तर आलं, ठाण्यावरून शोधपथक निघतंय, ते पोचेपर्यंत थांबा. सात वाजले. आठ वाजले. मी पुन्हा विचारलं. पथकाला अजून गाडी मिळायची होती. ऊन चढत होतं, हवा तापून थरथरायला लागली होती, आणि मी, ज्याने आयुष्यात एक हुकूम मोडला नाही, तो फाटकाच्या खांबावर मुठी आपटत उभा. नऊनंतर मेजरसाहेब वैतागून म्हणाले, "ऑल राइट, गो." डिसूझाला आणि दोन गार्डांना घेऊन मी सुसाट निघालो.

जीप सापडायला वेळ लागला नाही. अर्धी वाळूत बुडाली होती. आत यंत्र नव्हतं, म्हणजे याकूब इथवर येऊन यंत्र घेऊन गेला होता. आणि बाजूच्या आरशाला, सावलीच्या बाजूने, मुतलकची मशक टांगलेली होती.

मी हात लावून पाहिला. भरलेली. तोंडाची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

जीपभोवती मुतलकच्या पावलांचे ठसे होते, वारा पडल्यानंतरचे, कडा अजून धारदार. गार्डांनी ते वाचून सांगितलं. रात्र त्याने गाडीच्या आडोशाला काढली होती. सकाळी पाणी इथे ठेवलं, कारण हरवलेला माणूस फिरून फिरून गाडीपाशीच येतो. आणि तो स्वतः पाण्याविना शोधत निघाला होता.

"मूर्ख!" मी मराठीत ओरडलो. "अरे, अर्धं तरी घ्यायचं!"

कडेला जुनी राख आणि तीन काळे दगड होते, कुणाच्या तरी गेल्या हिवाळ्याच्या चुलीचे. दोन गार्डांतला एक त्या दगडांकडे पाहत म्हणाला, "पाहुण्यासाठी ठेवलेलं पाणी अर्धं कसं ठेवणार?" मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

ठसे पुढे खडीवर हरवले. दिवसभर आम्ही गोल गोल फिरलो. शोधपथक दुपारी आलं, त्यांच्याकडे नकाशा होता आणि सँडविचेस होती. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लागला तर कातडी सोलून निघावी. दर थोड्या वेळाने वायरलेसवर तोच प्रश्न, "पोस्ट फोर, रिपोर्ट." आणि माझं तेच उत्तर, "नथिंग सीन. ओव्हर."

सूर्य कलल्यावर मुतलक सापडला. खडीच्या उतारावर कुशीवर पडलेला, डोक्यावरचा रुमाल चेहऱ्यावर ओढून घेतलेला. कुणी दुपारची झोप घेतंय असं वाटावं. मी गुडघे टेकून नाडी बघितली. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पायात कंपनीचे बूट होते, जे घालत नाही म्हणून मी त्याला रोज शिव्या द्यायचो.

अंगावर घालायला आमच्याकडे चादर नव्हती. उतार चढून मी वर गेलो, कुठे काही दिसतंय का बघायला. पलीकडच्या सखल भागात एक काळा तंबू होता, तंबूसमोर धूर. मी धावत उतरलो. तंबूतून एक म्हातारा उठून पुढे आला, दोन्ही हात पसरून. "अहलान, अहलान," म्हणाला, म्हणजे या, या. नाव विचारलं नाही. पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं.

आणि त्याच्या मागे गालिच्यावर, तक्क्याला टेकून, पाय तुपात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेला, समोर भात आणि मटणाची परात, याकूब बसलेला.

"हसनभाय!" तो ओरडला. "अल्लाने पाठवलान तुमाला!"

मी पाणी प्यायलो नाही. भांडं हातातच राहिलं.

"कधीपासून आहेस इथे?"

"काल सांजेपासून. पाय मुरगळला माजा. यांच्या उंटवाल्याने उचलून आणलान. सकाळी मी तेना सांगितला, कंपनी, कंपनी, चार नंबर. हातवारे केले. हे म्हणतंत, जेवण, जेवण. मेंढी आणायला माणूस लांब पाठवलान, ती आली दुपारी. मी उठलो का बसवतंत. अहो, कप पुढे केला का परत भरतंत, थांबवायचा कसा ता पण कळला नाय मला!"

मी म्हाताऱ्याकडे वळलो. माझा आवाज चढला होता, तो मला ऐकू येत होता. "तुला दिसत नव्हतं हा कंपनीचा माणूस आहे? चौकी तुला माहीत नाही? निरोप का पाठवला नाहीस?"

म्हातारा खरोखर गोंधळला. "पाहुणा घरात असताना त्याला न्यायला या म्हणून निरोप पाठवू? म्हणजे त्याला जा म्हणू?" मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने हळूच विचारलं, "काय झालं?"

मी उताराकडे बोट केलं. "मुतलक. याला शोधत होता. उताराच्या त्या बाजूला पडलाय."

म्हातारा मुतलकला ओळखत होता. या भागात सगळेच ओळखत. मग त्याने अंगावरचा तपकिरी झगा काढला, हातावर घेतला आणि माझ्या पुढे चालू लागला. वर पोचल्यावर त्याने तो मुतलकवर पांघरला, चारही बाजू नीट खोचल्या.

"एवढं चढून आला असता," तो म्हणाला, "तर माझा पाहुणा झाला असता."

त्याच संध्याकाळी आम्ही मुतलकला तिथेच, उताराच्या पायथ्याशी दफन केलं. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. मी म्हणालो, नावाची पाटी लावू. गार्ड म्हणाले, त्यांच्यात लावत नाहीत. पलटणीत मी साथीदार पुरले आहेत. प्रत्येकाच्या क्रॉसवर किंवा दगडावर नंबर, नाव, पलटण, सगळं असे. इथे दोन दगड, आणि आजूबाजूला हजारो दगड. मला ते सहन होईना. म्हणून मी दुसरी लढाई सुरू केली.

मेजरसाहेबांनी रिपोर्ट मागितला. मी लिहिलं, गार्ड मुतलक ड्यूटीवर असताना मरण पावला. त्यांनी मला ठाण्यावर बोलावलं. "हवालदार, ही वॉज ऑफ ड्यूटी. त्याने हुकूम मोडला." मी म्हणालो, साहेब, कंपनीच्या ड्रायव्हरला शोधताना मेला. ते म्हणाले, ड्रायव्हर बिर्याणी खात होता. मी त्यांच्याशी भांडलो. सॅल्यूट करून भांडलो, पण भांडलो. नोकरी गेली असती तरी मागे हटलो नसतो. शेवटी त्यांनी हात झटकले. "ठीक आहे. विधवेने सही केली तर ड्यूटी म्हणून लावतो."

मला जिंकल्यासारखं वाटलं. याकूबला बरोबर घेऊन मी टेकाडापलीकडे गेलो. तो काठी टेकत, मान खाली घालून चालत होता. उम्म सालिमने आम्हाला बसवलं. तंबूत तिचे दीर आणि भाचे होते. पाणी आलं, गहवा आला. खलबत्ता एका पुरुषाच्या हातात होता. तिच्या दोन्ही तळव्यांवर फोड फुटून सुकलेले दिसत होते. तिने आम्हाला का आलात विचारलं नाही. माझ्यावरच बोलायची वेळ आली.

मी सगळं सांगितलं. साहेबाशी कसा भांडलो तेही सांगितलं. आता कंपनी मान्य करतेय की मुतलक कंपनीच्या कामावर असताना गेला.

तिने बुरख्याआडून शांतपणे ऐकलं. "कुणाच्या कामावर?"

"कंपनीच्या."

"तुमचा पहारा त्याने पगारासाठी केला," ती म्हणाली. "नीट केला. त्याचं तुमचं मिटलं. हे त्याने त्याच्या घरासाठी केलं. हे मी कंपनीला का देऊ?"

इतके दिवस ज्याच्यासाठी डोकं आपटलं ते तिने एका वाक्यात परत केलं. दीर मान हलवत होते. मला सांगायचं होतं, बाई, हा मान आहे, आमच्याकडे याच्यासाठी माणसं झुरतात. पण तिला तो मान कमीपणाचा वाटत होता, म्हणून सहीचा कागद मी खिशातच ठेवला.

याकूब तोवर रडायला लागला होता. मोठ्याने, लहान पोरासारखा. माफी मागायला त्याने अरबी शब्द पाठ करून आणले होते. एकही आठवेना. उम्म सालिम त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "याला विचार, त्या तंबूत याच्यासाठी मेंढी कापली होती ना?"

मी विचारलं. याकूबने मान हलवली.

"पोटभर जेवला?"

"हो म्हणतोय."

"मग ठीक," ती म्हणाली आणि तिने दिराला याकूबचा कप भरायला सांगितलं.

पुढच्या महिन्यात मी तिकडे गेलो तेव्हा तंबू नव्हता. चुलीचे तीन दगड आणि राख. कुठे गेली, कुणाला विचारलं तर हात करून वाळवंट दाखवत. ते दोन दगडही मला पुन्हा ओळखता आले नाहीत. डिसूझाला घेऊन, यंत्र लावून शोधलं. उतार सापडला, कबर सापडली नाही. त्या देशातली माझी बाकीची नोकरी मी त्या उतारावर चिडत काढली.

आता गावी आहे. याकूबही आहे, दोन गल्ल्या सोडून, नातवंडांनी वेढलेला. मटण मात्र खात नाही. तालुक्याला दरवर्षी आम्हा माजी सैनिकांचा मेळावा असतो, याकूबही माझ्या सोबतीला येतो. त्यात गेलेल्यांची नावं पुकारतात. एकेक जण उठतो, आपल्या साथीदाराचं नाव आणि पलटण सांगतो, बाकीचे उभे राहतात. मी माझ्या पलटणीतली पाच नावं घेतो. मग सहावं, मुतलक.

यंदा तिथे एक नवा तरुण सुभेदार आला होता. नीटनेटका, इस्त्रीचे कपडे, हातात कागद. मेळावा संपल्यावर माझ्याजवळ आला. उन्हातून आला होता, घामाने भिजलेला.

"काका, ते शेवटचं नाव. पलटण सांगितली नाहीत. कुठले होते ते? कोण होते?"

मी त्याला खुर्ची दिली आणि याकूबला पाणी आणायला पाठवलं.

"बस आधी," मी म्हणालो. "पाणी पी."